जुनी होडी घेऊ का, ताई?

मागच्या अंकात कुणीतरी विचारलं होतं की ताई, तुम्ही रविवारी काय करता, आणि मी एका ओळीत लिहून मोकळी झाले की आमच्याकडे एक सेकंडहँड शिडाची होडी आहे, ती घेऊन खाडीत जातो. बास, त्या एका ओळीवर इतके मेल आलेत की यावेळी लोणच्याची बुरशी आणि सोसायटीतल्या पार्किंगची भांडणं दोन्ही बाजूला ठेवली आहेत. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी रागावू नका, बुरशी कुठे पळून जात नाही.

प्रश्न : मी घोडबंदर रोडला राहतो, वय ४७, आयटीत आहे. एका ओळखीच्यांची फायबरची शिडाची होडी विकायची आहे, १३ फुटी असेल, चार वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. मला फार वाटतंय घ्यावी असं. बायको म्हणते आधी ट्रेडमिलवरचे कपडे काढ मग होडीचं बोल. घेऊ का? घेताना काय बघू? (ठाणे)

उत्तर : वहिनींचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण घ्या. आमची पण अशीच पडून होती, आम्ही तिघांनी मिळून घेतली, मी, नवरा आणि त्याच्या ऑफिसातला मित्र, बऱ्यापैकी जुन्या स्कूटरच्या किमतीत मिळाली आणि मग पहिल्या वर्षात तेवढेच पैसे परत तिच्यावर गेले, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर मला शिव्या नकोत.

तुम्ही १३ फुटी म्हणताय म्हणजे बहुतेक एंटरप्राइज असेल, शिडावर मोठा ई आहे का बघा. जॅक होल्ट नावाच्या ब्रिटिश डिझायनरने १९५६ मध्ये काढलेली डिझाइन, लांबी चार मीटरच्या किंचित वर, दोन माणसांची होडी, आणि शिडं बहुतेक निळी. आपल्याकडे सेलिंग क्लबांमध्ये खूप वर्षं चाललेली आहे त्यामुळे सेकंडहँड बाजारात अधूनमधून दिसते. लेझर नावाची होडी असेल तर ती एकट्याची, नुसती बॉडी साधारण ६० किलो, दोघं मिळून उचलता येते, पण ती फार पटकन कलंडते आणि सत्तेचाळिशीत गुडघे काय म्हणतात ते तुमचं तुम्हाला माहीत.

आता बघायचं काय. स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि त्याच्या मुठीने पूर्ण बॉडी ठोकत जा, माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, अगदी तसं. खणखणीत आवाज आला तर ठीक, मधेच बद्द वाजलं तर तिथे फायबरचे थर सुटलेत किंवा आत पाणी आहे. डोलकाठी जिथे उभी राहते तिथे अंगठ्याने जोर देऊन दाबा, इडलीसारखं दबलं तर खालचं लाकूड कुजलंय, तो खर्च मोठा, त्याच्यावरून भाव पाडा किंवा सोडून द्या. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या ज्या स्टीलच्या वायरी असतात त्यांच्यावरून कापसाचा बोळा फिरवा, कुठे कापूस अडकला तर तिथे आतली एखादी तार तुटलीये, ती वायर बदलायचीच, त्यात काटकसर नाही. शिडाचं कापड नव्या नोटेसारखं कडकड वाजलं पाहिजे, जुन्या सुती साडीसारखं मऊ झालं असेल तर ते वारा धरत नाही. आणि शिवणीवर नखाने खरवडून बघा. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कापड चांगलं होतं म्हणून आम्ही खूश, आणि पहिल्याच दिवशी टर्रकन वीतभर शिवण उसवली, कारण उन्हाने दोरा मेलेला, बोट लावलं की भुगा. मग ते शीड हॉलमध्ये पसरलं, सोफा उभा करून ठेवला, सासूबाई कडेकडेने देवघरात जात होत्या, आणि शेवटी नेरूळ स्टेशनजवळ बॅगा शिवणाऱ्या काकांकडे नेलं तर ते म्हणाले मंडप कुठे लागणार आहे? पण त्यांनी डबल शिवण मारून दिली ती अजून टिकून आहे.

अजून एक, होडीत कडेने हवाबंद टाक्या असतात, त्यांच्यामुळे ती उलटली तरी बुडत नाही. पाण्यात तासभर ठेवा, बाहेर काढा, बूच काढा, किती पाणी निघतं बघा. पेलाभर चालतं, बादलीभर चालत नाही.

हे सगळं करून घेतलीत की मग जे मिळतं ते मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही पण प्रयत्न करते. आमची नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेट्टीजवळ असते. निघाल्यावर पहिली दहाबारा मिनिटं पाम बीच रोडचा हॉर्न आणि बाइकचा आवाज मागे मागे येत राहतो, पारसिकची टेकडी मागे, आणि मग एका ठिकाणी तो आवाज येईनासा होतो. कधी थांबला ते कळत नाही, थांबलाय एवढंच कळतं. मग नाळेखाली, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखाली, पाण्याची चुळचुळ ऐकू येते, शीट, म्हणजे शीड ओढून धरायचा दोर, हातात असतो आणि त्या दोरातून वारा कळतो, म्हणजे खरंच कळतो, मांजरीच्या अंगावर हात ठेवला की तिच्या मनात काय आहे ते कळतं तसा, आता जोर येणार, आता सुटणार. वेग म्हणाल तर हसाल. एवढ्याशा होडीची साधारण मर्यादा पाच नॉटच्या आतबाहेर, म्हणजे ताशी नऊएक किलोमीटर, पाम बीचवर एखादे आजोबा सायकलवरून पुढे निघून जातील. पण पाण्यापासून ढुंगण वीतभर उंचीवर असलं की तेच नऊ किलोमीटर असे वाटतात की मी पहिल्यांदा चक्क ओरडले होते.

आणि लहान आणि जुनीच घ्या असं मी का म्हणते, तर नवी चकचकीत असली की ओरखड्याची भीती आणि मोठी असली की माणसं जमवण्यात शनिवार जातो. आमची आधीच ओरबाडलेली होती. त्यामुळे आम्ही तिला पहिल्या दिवसापासून वापरतोय, बिघडलं तर आम्हीच उघडतो, तिच्यातला एकही स्क्रू असा नाही की जो माझ्या हातून कधी फिरला नाही. गाडीच्या बाबतीत मी हे म्हणू शकत नाही, गाडीचं बॉनेट कुठून उघडतं ते मला आजही शोधावं लागतं.

प्रश्न : मुलगा होडी शिकलाय, मला चल चल म्हणतो. मला पोहता येत नाही, वय ५५. जाऊ का? (ऐरोली)

उत्तर : जा, पण लाइफ जॅकेट घालून, बक्कल लावून, आणि खालचा जो पायांमधून घ्यायचा पट्टा असतो तो पण लावून, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर जातं आणि तुम्ही खाली राहता. उकडतं म्हणून जॅकेट बाजूला काढून ठेवणाऱ्यांबरोबर जाऊ नका, मग तो स्वतःचा मुलगा का असेना. ओढणी नको, केस बांधा. शिडाच्या खाली जी आडवी दांडी असते ना, बूम, ती वळताना एका बाजूची दुसऱ्या बाजूला सपकन येते, त्यामुळे मुलाला सांगा वळायच्या आधी ओरडायचं. आमच्याकडे एकदा न सांगता वळले, नवऱ्याच्या कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं आणि सोमवारी ऑफिसात सगळ्यांना वाटलं मीच मारलं.

आणि होडी एकदा मुद्दाम उलटी करून बघा, उथळ शांत पाण्यात, मुलगा बरोबर असताना. खालून जी फळी पाण्यात सोडलेली असते, सेंटरबोर्ड, तिच्यावर उभं राहून मागे रेललं की ती पुन्हा सरळ होते, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की अर्धी भीती गेली. फक्त आपल्या खाडीत एक भानगड आहे, पूर्ण उपडी झाली तर डोलकाठीचं टोक खालच्या गाळात रुततं आणि मग दोघांच्याने पण हलत नाही. म्हणून आम्ही टोकाला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घट्ट बूच लावून बांधतो. दिसायला भिकार दिसतं, कोळीवाड्यातली पोरं हसतात, हसू देत. बाकी पोहायला शिकाच ताई, जॅकेट तरंगवतं पण डोक्यातली भीती पोहल्यानेच जाते. मी बावन्नाव्या वर्षी शिकले.

प्रश्न : वारा समोरून असेल तर शिडाची होडी पुढे कशी जाते? सर सांगतात वारा ढकलतो, मग मागेच ढकलायला हवं ना? आणि एकटं जगाची चक्कर मारता येते का? (बारावी, कळवा)

उत्तर : अगदी नाकासमोरून वारा असेल तर नाहीच जात, शीड नुसतं फडफडतं. पण साधारण ४५ अंश तिरकं जाता येतं, मग इकडून तिरकं, तिकडून तिरकं, घाटातल्या वळणांसारखं करत करत वाऱ्याच्या दिशेने चढायचं. कसं जातं ते असं बघ. तिरक्या वाऱ्यात शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं, त्याचा जोर होडीला बराचसा बाजूला आणि थोडासा पुढे ओढतो. बाजूला जायला सेंटरबोर्ड देत नाही, पाणी आडवं येतं. मग उरलं काय, पुढे. फणसाची ओली आठळी दोन बोटांत दाबून बघ, बोटं दोन्ही बाजूंनी दाबतात पण आठळी तिसरीकडेच सुळकन निसटते. इकडे एक बोट वारा, दुसरं बोट पाणी, आणि आठळी म्हणजे तू.

जगाच्या चक्करीचं म्हणशील तर आपल्या नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईहून निघाले ते कुठेही न थांबता थेट मुंबईलाच परत आले, पाच महिने लागले. दोघांची बोट एकच, म्हादेई, ५६ फुटी, गोव्यात बांधलेली. पण जगात लहान मुलं शिकतात ती ऑप्टिमिस्टमध्ये, पावणेआठ फुटी टब असतो तो, खरंच टबच दिसतो. तिथून सुरुवात कर, बारावी झाल्यावर.

प्रश्न : वारा पडला तर काय करता? मोटर लावलेली बरी ना? (वाशी)

उत्तर : लावतात काही जण दोन-अडीच हॉर्सपॉवरची छोटी. आम्ही नाही लावली, दोन वल्ही आहेत आणि तिसऱ्या माणसाला त्याच्यासाठीच नेतो. मोटर असली की वारा जरा मंद झाला की हात तिकडेच जातो, हे माझं मत, नवऱ्याचं वेगळं आहे.

पण वाऱ्यापेक्षा पाण्याकडे जास्त लक्ष ठेवा. आमचा पहिला हिवाळा. पौर्णिमा होती, भरती दुपारी बाराच्या आसपास, आम्ही साडेबाराला डबे घेऊन निघालो, मस्त वारा, किती लांब गेलो ते कळलंच नाही, अडीचला वारा पडला. वल्हवत वल्हवत येतोय तोवर पाणी झपाट्याने उतरायला लागलं, पौर्णिमेचं उधाण, जितकं चढतं तितकंच खाली जातं, आणि चारच्या सुमारास आम्ही चिखलात बसलो. म्हणजे खरोखर बसलो, होडी एका अंगाला कललेली, चारही बाजूला चकचकीत काळा चिखल, उतरलं तर मांडीपर्यंत आत. शंभरएक पावलांवर फ्लेमिंगो माना खाली घालून चरत होते, त्यांना आमचं काहीच पडलेलं नव्हतं. लांबून एक छोटी होडी चालली होती, त्यातल्या तांडेलाला हाका मारल्या तर तो तिथूनच ओरडला, "पानी येल तवा हालल ती, बसा गुमान!" बसलो. दडपे पोहे संपले, लिंबू सरबत संपलं, तिघांनी मिळून एक संत्रं फोडीफोडीने खाल्लं, अंधार पडला, डासांनी फोडून काढलं, अटल सेतूचे दिवे लागलेले लांबून बघितले, आणि रात्री आठला होडी हळूच हलली, झोपेतून कूस बदलल्यासारखी. घरी पोचेपर्यंत सासूबाईंनी तीन नातेवाइकांना फोन करून झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच तांडेलांना शोधून काढलं, आता आम्ही त्यांना काकाच म्हणतो, तर ते म्हणाले घरात क्यालेंडर नाय का? आणि मग त्यांनी तो हिशोब सांगितला जो माझ्या आजीला पण येत होता आणि मी विसरले होते. तिथीचे पाऊण करायचे. चतुर्थी असेल तर चारचे पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठचे पाऊण म्हणजे सहा, सहाला भरती आणि बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं, दुपारी आणि पहाटे दोन्हीकडे लागू, खाडीत जितकं आत तितकं थोडं उशिरा. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्याचाच हा हिशोब. अचूक आकडे हवेत तर भरती-ओहोटीचं टेबल बघाच, पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर नजर टाकून "पंचमी, पावणेचार, जेवून निघू" असं म्हणता येण्यात जी गंमत आहे ती ॲपमध्ये नाही. आम्हाला चतुर्थी ते षष्ठीचा रविवार सगळ्यात आवडतो, दुपारी पाणी भरपूर आणि तोवर समुद्रावरचा खारा वारा पण सुटलेला असतो, पश्चिमेकडून, म्हणजे जाताना झगडायचं आणि येताना वारा पाठीशी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला नवशिक्यांनी घरी बसा.

आणि मोटरवाल्याने शिडाच्या होडीला वाट द्यायची असा नियम आहे हे खरं, पण त्याचा तोरा मिरवू नका. मासेमारी करत असलेल्या होडीला आपणच वाट द्यायची, डोल जाळ्यांच्या खुंटांपासून लांबून जायचं, आणि न्हावाशेवाच्या चॅनेलमध्ये तर पाऊल पण ठेवू नका, तिथे ३०० मीटरहून लांब कंटेनर जहाजं येतात, अरुंद चॅनेलमध्ये त्यांच्या आड न येणं हे आपल्यासारख्यांचंच काम आहे. शिवाय ते वळणार कसं आणि थांबणार कसं.

प्रश्न : ठाणे खाडीत कुठेही सोडली तर चालते का? कागदपत्रं काय लागतात? (कोपरखैरणे)

उत्तर : कुठेही नाही चालत. तुमच्या दारातला जो पट्टा आहे तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आपली आपण जायचं नाही. कांदळवनातून ट्रॉली ओढत नेणं पण नाही. कागदांसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर ऑफिसात होडीचा फोटो आणि मापं घेऊन स्वतः जा आणि विचारा, ओळखीच्याचा ओळखीचा काय म्हणतो त्याच्यावर जाऊ नका. मूळ मालकाची सही असलेली विक्रीची पावती घ्या आणि जुनी नोंदणी असेल तर ती पण. जेट्टीवरच्या कोळी मंडळींना आधी भेटा, चहा प्या, जागा त्यांची आहे. आणि डोलकाठी उभी करायच्या आधी मान वर करून बघा, वरून विजेची तार जात नाही ना. ॲल्युमिनियमची असते ती.

प्रश्न : पावसाळ्यात होडीचं काय करता? (खारघर)

उत्तर : जूनच्या आधी बाहेर. मच्छीमारांचीच बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, त्यांना जे झेपत नाही ते आपल्याला काय झेपणार. उपडी करून टायरांवर ठेवायची, बूचं काढून, वर ताडपत्री पण खालून हवा खेळती हवी नाहीतर आत बुरशी (झालं, शेवटी बुरशी आलीच). शिडं घरी न्या, धुवून वाळवून. एका वर्षी आम्ही आळस केला, तिथेच ठेवली, उंदरांनी जिबमध्ये, म्हणजे पुढच्या छोट्या शिडात, घर केलं आणि शीड घडी घातलेलं असल्याने उघडल्यावर एकाच भोकाची सात भोकं निघाली, अगदी रांगेत, कागदाच्या झालरीसारखी. बॅगावाले काका त्या दिवशी फार हसले. नारळी पौर्णिमेला आम्ही जेट्टीवर जातो, नारळ देतो, पण होडी पाण्यात दसऱ्यानंतरच.

प्रश्न : जुन्या होडीचं नाव बदललं तर अपशकुन होतो म्हणतात. तुम्ही बदललंत का? (ठाणे पूर्व)

उत्तर : आमच्या होडीच्या मागच्या फळीवर नाव होतं पण घेतली तेव्हा ते घासून गेलेलं, शेवटचं एकच अक्षर राहिलं होतं, "ली". नवरा म्हणतो माउली असणार, त्याचा मित्र म्हणतो सावली, सासूबाईंचं म्हणणं की एवढी वेळखाऊ वस्तू म्हणजे बाहुलीच. तांडेलकाका सरळ निळी म्हणतात, शिडावरून. दोनदा रंग काढला पण "ली" भोवतीची जागा दोन्ही वेळेला सोडली. जुन्या मालकांचा नंबर आहे माझ्याकडे, एक फोन केला तर कळेल, पण तिघांनी ठरवलंय की करायचा नाही.